गल्ल्यावर बसलेल्या राजकन्या

कराराचा कायदा शिकत असताना एक अमेरिकन खटला वाचनात आला होता. वुड विरुद्ध लूसी, लेडी डफ-गॉर्डन. न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने 1917 साली निकाल दिलेला. भानगड साधी होती. लंडनच्या एका खानदानी बाईने आपलं नाव मालावर लावायचा एकहाती हक्क वुड नावाच्या माणसाला दिला होता, कमाई निम्मी-निम्मी. पुढे तिने वुडला न विचारताच ते नाव दुसरीकडे वापरू दिलं आणि त्याने दावा ठोकला. बाईचा बचाव असा, की वुडने या करारात काही करायचं कबूलच केलेलं नाही, मग हा करार कसला? न्यायमूर्ती कार्डोझो म्हणाले, लिहिलेलं नसलं तरी तो प्रामाणिकपणे खटपट करील हे त्यात गृहीतच आहे. चार विरुद्ध तीन मतांनी बाई हरली.

परीक्षेपुरतं एवढं पुरेसं होतं. माझ्या डोक्यात मात्र निकालाची सुरुवात अडकून बसली. कार्डोझोंनी सुरुवातीलाच म्हटलंय, की ही बाई स्वतःला फॅशनची निर्माती म्हणवते, आणि तिची मर्जी असली की माल खपतो. कापड नाही, शिवण नाही, नुसती मर्जी! झगे करणारे, टोप्या करणारे, तसल्याच मालाचे कारखानदार त्या मर्जीसाठी पैसे मोजायला तयार होते. अशी मर्जी एखादीकडे येते कुठून, या कुतूहलापोटी मी लूसीच्या मागे लागले आणि तिच्या वाटेवर तिच्यासारख्या आणखी कितीतरी जणी भेटत गेल्या. राजघराण्यातल्या, सरदार घराण्यातल्या, मेजवान्यांच्या पहिल्या रांगेत बसणाऱ्या आणि एके दिवशी कपड्यांचं दुकान थाटून मोकळ्या झालेल्या बायका.

लूसी जन्माने खानदानी नव्हती. पहिला नवरा सोडून गेला, पदरात मुलगी, हातात पैसा नाही, म्हणून 1890च्या दशकात तिने आईच्या घरीच कपडे बेतायला सुरुवात केली. पुढे 1900 साली सर कॉस्मो डफ-गॉर्डनशी लग्न झालं आणि ती ‘लेडी’ झाली. दुकानाचं नाव लूसील. लंडन, मग न्यूयॉर्क, पॅरिस, शिकागो. टायटॅनिक बुडाली तेव्हा हे जोडपं त्या जहाजावर होतं. चाळीस जणांच्या होडीत बारा जण बसून वाचले आणि त्यावरून चौकशीत, पेपरांत दोघांची भरपूर शोभा झाली. ते प्रकरण एवढं गाजलं, की तिने काय शिवलं हे बाजूलाच राहिलं.

तिने शिवलं त्याहून मला तिने ते विकलं कसं यात जास्त रस आहे. त्या काळी गिऱ्हाईक शिंपिणीकडे जायचं, कापड निवडायचं, मापं द्यायचं, घरी यायचं. लूसीने दुकानाचा दिवाणखाना केला. निमंत्रणं धाडली. छोटं रंगमंचासारखं व्यासपीठ, पडदे, वाद्यवृंद, छापील कार्यक्रमपत्रिका. त्यातून उंच, देखण्या मुली तिचे कपडे घालून संथ पावलांनी फिरायच्या. आणि कपड्यांना नावं! नंबर देण्याऐवजी ती पोशाखांची बारशी करायची. एकाचं नाव ‘माझ्यावर प्रेम आहे का तुझं?’, दुसऱ्याचं ‘अतृप्त ओठांचा सुस्कारा’. आज वाचताना हसू येतं. पण समोर खुर्चीत बसलेल्या सरदारपत्नीला अशा नावाचा झगा हवाहवासा वाटणार हे लूसीला बरोब्बर कळलं होतं. घटस्फोटित म्हणून राजदरबारी तिला स्वतःला प्रवेश नव्हता. दरबारात जाणाऱ्या बायका मात्र तिच्याकडे कपडे शिवायच्या.

मोठ्या घरातली बाई दिवसभर करते काय, असा प्रश्न कुत्सितपणे विचारला जातो. मीही तो मनातल्या मनात विचारलेला आहे. पण जरा नीट पाहिलं तर ते कामच असतं, आणि भलतं कटकटीचं. कोणाला बोलवायचं, कोणाशेजारी कोणाला बसवायचं नाही, कोणाचं कोणाशी फिसकटलंय, कोणाच्या मुलीचं जमत आलंय, कोणाकडे तोच झगा दुसऱ्यांदा दिसला आणि कोणी ते पाहिलं. ही सगळी नोंदवही डोक्यात ठेवायची. शिवाय स्वतः रोज नीटनेटकं, नवं, उठून दिसेल पण डोळ्यांवर येणार नाही असं सजायचं. या श्रमांचा पगार नसतो, म्हणून ते श्रम कोणी धरत नाही. दुकान उघडलं की या सगळ्याला एकदम बिल जोडलं जातं. बाई तीच, दिवाणखाना तोच, पाहुण्याही त्याच. फक्त चहा संपल्यावर आकडा सांगायचा असतो.

तो आकडा सांगणं हीच खरी परीक्षा. भल्याभल्यांची जीभ तिथे अडखळते.

म्हणून ग्रँड डचेस मारिया पावलोव्ना हिच्या गोष्टीत मी सर्वांत जास्त रमले. रशियाच्या दुसऱ्या अलेक्झांडर झारची ही नात, शेवटच्या झारची चुलत बहीण. जन्म 1890चा. आई धाकट्या भावाच्या, दिमित्रीच्या, जन्मानंतर वारली. वडिलांनी राजघराण्याच्या परवानगीविना दुसरं लग्न केलं म्हणून त्यांना देशाबाहेर काढलं आणि ही दोघं भावंडं काकांकडे वाढली. त्या काकांना 1905 साली बॉम्बने उडवलं. अठराव्या वर्षी स्वीडनच्या राजपुत्राशी लग्न, मग मुलाला तिथेच ठेवून घटस्फोट, महायुद्धात इस्पितळात परिचारिका, क्रांतीच्या वर्षी दुसरं लग्न, मग पलायन. मागे राहिलेल्या वडिलांना 1919 साली गोळ्या घातल्या गेल्या. दुसऱ्या लग्नाचं तान्हं बाळही त्याच वर्षी गेलं. सुदैवाने तिचे काही दागिने आधीच स्वीडनला पोचले होते. लंडनमध्ये ते एकेक विकत आणि लोकरीचे स्वेटर विणून विकत तिने दिवस काढले.

पॅरिसला आल्यावर दिमित्रीमुळे तिची कोको शनेलशी ओळख झाली. दिमित्री आणि शनेलचं तेव्हा प्रेमप्रकरण चालू होतं. शनेल म्हणजे अनाथाश्रमात वाढलेली, शून्यातून उभी राहिलेली व्यापारी बाई. एके दिवशी शनेलच्या कामाच्या जागी मारिया बसली होती आणि शनेल एका भरतकामवालीशी घासाघीस करत होती. एका ब्लाउजच्या भरतकामाचे सहाशे फ्रँक त्या बाईला हवे होते. शनेल कमी करायला सांगत होती, बाई हटत नव्हती. ती गेल्यावर मारियाने विचारलं, की हेच काम मी दीडशे फ्रँक कमी घेऊन करून दिलं तर मला द्याल?

मला हे वाक्य भयंकर आवडतं. झारच्या नातीने आयुष्यात पहिल्यांदा दुसरीचा भाव पाडून काम मिळवलं. त्यात उदात्त काही नाही. ज्या बाईचं काम गेलं तिच्याही घरी चूल असणार, तिचा विचार त्या क्षणी मारियाने केला असेल असं वाटत नाही. पण व्यापाराचा पहिला धडा तिने कोणी न शिकवता गिरवला.

शनेलला हवं होतं ते यंत्रावरचं भरतकाम. मारियाला हातभरत येत होतं, यंत्र येत नव्हतं. ती कारखान्यात जाऊन, कामगार मुलींच्या शेजारी बसून शिकली. मग स्वतः यंत्र विकत घेतलं, रशियातून परागंदा झालेल्या मुलींना हाताशी घेतलं आणि कारखाना सुरू केला. शनेलचा आणखी एक सल्ला तिला मानावा लागला. धंदा करायचा असेल तर निर्वासितासारखं दिसून चालणार नाही, खाऊनपिऊन सुखी दिसलं पाहिजे. गंमत बघा. जिने राजवाड्यात जन्म काढला तिला श्रीमंत कसं दिसावं हे अनाथाश्रमातली मुलगी शिकवत होती. आणि शनेलचं बरोबर होतं. गरजू माणसाकडून विकत घेताना गिऱ्हाईक भाव पाडतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कारखान्याचं नाव मारियाने ठेवलं किटमीर. एका माजी रशियन राजदूताच्या पेकिनीज कुत्र्याचं नाव! स्वतःचा किताब तिने दारावर लावला नाही. लूसीने नावच विकायला काढलं, हिने नाव झाकून हाताचं काम विकलं. अर्थात पॅरिसमध्ये कोणाला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. शनेलकडच्या झग्यांवरचं रशियन वळणाचं भरतकाम कोणाच्या देखरेखीखाली होतं याची कुजबूज चालत असणारच आणि त्या कुजबुजीचा भाव शनेल गिऱ्हाइकाकडून बरोबर वसूल करत असणार. पण 1925च्या पॅरिसच्या सजावटकलेच्या मोठ्या प्रदर्शनात किटमीरला सुवर्णपदक मिळालं, तेव्हा मानपत्रावर लिहिलं होतं ‘श्रीयुत किटमीर’ यांस. परीक्षकांना या बाईचा पत्ताही नव्हता. तिच्या आयुष्यात मिळालेल्या सगळ्या मानमरातबांमध्ये जन्माशी संबंध नसलेला हा एकच असावा, आणि तो कुत्र्याच्या नावाने आला.

पुढचं फार सुरस नाही. किटमीरने इतर फॅशनगृहांचीही कामं घेतली, ते शनेलला रुचलं नाही. हळूहळू भरतकामाची फॅशनच ओसरली. 1928 साली किटमीर एका जुन्या भरतकाम कंपनीत विलीन झालं. मारिया पुढे अमेरिकेला गेली, तिथेही एका मोठ्या दुकानात कपड्यांच्या कामात राहिली. हिशेबाच्या वह्या हे तिचं कधीच बलस्थान नव्हतं. ज्यांनी लहानपणी कधी पैशाची पिशवी हातात धरली नाही, त्यांना साठ दिवसांनी येणारं बिल आणि आठवड्याला द्यायची मजुरी यांतलं अंतर कळायला वेळ लागतो. बहुतेक दुकानं याच अंतरात बुडतात, खानदानी असोत की नसोत.

उधारीचा मामला तर याहून नाजूक. युरोपातल्या उमराव घराण्यांत शिंप्याचे पैसे वेळेवर देणं जवळपास कमीपणाचं मानलं जायचं. वर्षा-वर्षाचा हिशेब तुंबायचा. फ्रान्सच्या मारी आंत्वानेतची पोशाखवाली रोझ बेर्तें हिला लोक कुचेष्टेने ‘फॅशनमंत्री’ म्हणत, इतकी तिची राणीपाशी वट. पण ती 1813 साली वारली तेव्हा कितीतरी बड्या घराण्यांची देणी तशीच होती. तिच्या वारसांनी पुढे वर्षानुवर्षं ती वसूल करायचा प्रयत्न केला. ज्यांच्याकडून वसूल करायचं त्यांच्यातल्या काहींची मुंडकी क्रांतीत उडालेली!

आता विचार करा, याच वर्गातली बाई जेव्हा गल्ल्यावर बसते, तेव्हा तिचं गिऱ्हाईक कोण? तीच, कालपर्यंतची ती स्वतः. तेच ‘पुढच्या महिन्यात बघू’, तेच ‘अगं, तुझ्याकडे काय घाई आहे’, तेच ‘घरी नेऊन बघते, नाही आवडलं तर परत पाठवते’. आणि तो झगा रविवारची मेजवानी आटोपून, काखेत अत्तराचा वास घेऊन सोमवारी परत येणार. अनोळखी दुकानदारीण ठणकावून सांगू शकते. मैत्रीण काय सांगणार? त्यामुळे असली दुकानं गिऱ्हाईक नसल्यामुळे बंद पडतात असं मला वाटत नाही. ओळखीचं गिऱ्हाईक फार असल्यामुळे पडतात.

युसुपोव्ह जोडप्याचं इर्फे हे दुकान त्याच काळातलं. फेलिक्स युसुपोव्ह हा झारच्या दरबारी वजन असलेल्या साधूच्या, रास्पुतिनच्या, खुनातला माणूस, बायको इरिना झारची भाची. दोघांच्या नावांची आद्याक्षरं जुळवून 1924 साली पॅरिसमध्ये इर्फे निघालं. कपडे मिरवायला खऱ्याखुऱ्या राजकन्या. लोक कपडे बघायला यायचे तसे खुनी राजपुत्र बघायलाही यायचे. 1931 साली ते बंद झालं. बघ्यांच्या गर्दीवर पगार निघत नाहीत.

इटलीतल्या दोघी मला जास्त खमक्या वाटतात. सिमोनेता कोलोन्ना ही सरदारकन्या. युद्ध संपून रोममध्ये कापडाचा दुष्काळ असताना 1946 साली तिने स्वयंपाकघरातली फडकी आणि नोकरांच्या गणवेशाचं कापड वापरून पहिले पोशाख केले. दुसरी इरेने गालित्झिन, रशियन क्रांतीतून लहानपणी रोमला आलेली राजकन्या. मेजवान्यांना जड झगे घालून ताठ बसायचा कंटाळा तिलाही येत असणारच. 1960 साली तिने रेशमाचा सैलसर पायजमा काढला आणि ‘पलाझो’ हा प्रकार जगभर पसरला. आज कोणत्याही कपड्यांच्या दुकानात टांगलेला असतो, घेणारीला त्यातली राजकन्या ठाऊक नसते. तिच्या वर्गाचा अनुभव इथे खरोखर कामी आला. लांबलचक मेजवानीत चार तास बसून राहायचं म्हणजे काय, हे त्यात बसलेल्या बाईलाच कळणार.

आपल्याकडे असं का झालं नाही, हा विचार मनात येतोच. बडोद्याच्या सयाजीरावांची मुलगी इंदिराराजे, लग्नानंतर कूचबिहारच्या महाराणी. शिफॉनच्या साडीला राजघराण्यांत प्रतिष्ठा मिळवून दिली ती त्यांनीच असं मानतात. इटलीच्या फेरागामोकडे बूट करायला टाकले आणि त्यावर जडवायला हिरे-मोती आपल्या घरून पाठवले. असली नजर! पण त्या आयुष्यभर गिऱ्हाईकच राहिल्या. त्यांना गरज पडली नाही. गरज पडली ती पुढच्या पिढ्यांना. 1971 साली घटनादुरुस्तीने तनखे बंद झाले, तोवर काही वाड्यांची हॉटेलं झालीच होती, नंतर आणखी झाली. वाड्यात पाहुण्याला झोपू देऊन भाडं घेणं जमलं, कपडे विकणं मात्र तितकंसं जमलं नाही. गादीवर बसणं आणि दुकानाच्या गादीवर बसणं यांच्यातलं अंतर आपल्याकडे जातीच्या उतरंडीनेही मोजलं जायचं, हे एक कारण असावं.

अपवाद आठवतो तो महेश्वरचा. होळकर घराण्यातले रिचर्ड होळकर आणि सॅली होळकर यांनी 1979 साली तिथे रेहवा ही संस्था काढली. महेश्वरी साडी तेव्हा मोडकळीला आली होती. अहिल्यादेवींनी ज्या विणकरांना आणून वसवलं त्यांच्या गावात माग बंद पडत चालले होते. काठावरची लहर, चटई ही नक्षी किल्ल्याच्या दगडांवर दिसते तशीच. इथे घराण्याचं नाव वापरलं गेलं, पण ते मागावर बसणाऱ्या बाईच्या पाठीशी उभं राहिलं. ही ना-नफा संस्था आहे, बुटीक नव्हे, त्यामुळे तुलना पूर्ण जुळत नाही. तरी आपल्या मातीतलं उदाहरण म्हणून मला ते इथे घ्यावंसं वाटलं.

कारण या सगळ्या गोष्टींत एक जागा कायम रिकामी असते. शिवलं कोणी? लूसीच्या झग्यांच्या नावांची यादी मिळते, ते रात्र रात्र जागून टाचणाऱ्या मुलींच्या नावांची मिळत नाही. मोठ्या घरच्या बाईने दुकान काढलं की लोक ‘हौस आहे’ म्हणतात आणि पुष्कळदा ते खरंही असतं. तोटा घरून भरून निघतो, कंटाळा आला की कुलूप. हौस की धंदा हे ओळखायची माझी एक कसोटी आहे. महिन्याच्या एक तारखेला कारागिरांचे पैसे गेले का? बाकी दिवे, आरसे, पडदे बघायची मला गरज वाटत नाही.

या सगळ्यांत जाकलीन द रीब वेगळीच पडते. जन्म 1929चा, फ्रेंच काउंटेस. पॅरिसच्या समाजातली सर्वांत डौलदार बाई म्हणून तिचा लौकिक. उत्तम पोशाखाच्या आंतरराष्ट्रीय यादीत 1950च्या दशकातच नाव. पैसा होता, वाडा होता, क्रांती वगैरे काही झालेली नव्हती. आणि हिला मनापासून कपडे बेतायचे होते! हात शिवशिवायचे. 1969च्या एका गाजलेल्या पौर्वात्य मेजवानीला तिने आपले तीन जुने महागडे झगे कापून त्यातून नवा पोशाख उभा केला. असा झगा कापायला कात्रीवर केवढा विश्वास लागतो, हे शिवणकाम करणाऱ्यांना सांगायला नको.

पण काउंटेसने दुकान काढायचं? घराण्याला ते मान्य नव्हतं. त्यामुळे इतकी वर्षं तिने स्वतःच्या अंगावरच प्रयोग केले आणि लोकांनी तिला ‘छान कपडे घालणारी’ एवढंच मानलं. अखेर 1982 साली तिने स्वतःचं फॅशनगृह काढलं. पुढच्या वर्षी पहिला संग्रह मांडला तेव्हा ती 53 वर्षांची होती. अमेरिकेत तिचे झगे चांगले खपले. तब्येतीने साथ सोडली तेव्हा, 1995 साली, तिने ते बंद केलं. 2015 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने तिच्या कपड्यांचं प्रदर्शन भरवलं. त्यात इतर फॅशनगृहांतून तिने विकत घेतलेले झगे होते आणि तिने स्वतः केलेलेही.

तिच्याबद्दलचा एक तपशील मला छळतो. 1950च्या दशकात ती ओलेग कासिनी या अमेरिकन फॅशनवाल्यासाठी कपड्यांच्या कल्पना पाठवत असे. तिला रेखाटनं नीट काढता येत नसत, म्हणून तिने एका होतकरू इटालियन पोराला पैसे देऊन ती काढून घेतली. त्या पोराचं नाव व्हॅलेंटिनो गारावानी. त्याने लवकरच रोमला जाऊन स्वतःचं फॅशनगृह उघडलं. बाप मोठा माणूस नव्हता, घराणं नव्हतं, त्यामुळे दुकान काढू नकोस म्हणणारंही कोणी नव्हतं. काउंटेसने आपला पहिला संग्रह मांडला तेव्हा त्याला धंद्यात पडून वीस वर्षं उलटून गेली होती, आणि काउंटेसच्या मैत्रिणी त्याच्याकडे रांग लावून कपडे घेत होत्या.